भयपटांचा कानसेन

रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ मी अगदी मन लावून ऐकला आहे. ‘तहखाना’ ऐकला, ‘वीराना’ ऐकला, ‘बंद दरवाजा’ ऐकला. रामगोपाल वर्मांचा ‘भूत’ ऐकला. ‘तुंबाड’ 2018 साली ऐकला आणि 2024 साली तो पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा परत जाऊन ऐकला. पाहिलेला मात्र यांतला एकही नाही. पडद्यावर दाराची कडी वाजली रे वाजली, की माझे दोन्ही तळहात डोळ्यांवर जाऊन बसतात, ते गाणं लागेपर्यंत खाली येत नाहीत. गाणी तेवढी मी सगळी पाहिली आहेत. त्यामुळे रामसे बंधू हे ओल्या कपड्यांतल्या नायिकांवर चित्रपट काढणारे कुणी संगीतप्रेमी गृहस्थ असावेत, असं माझं बरीच वर्षं मत होतं.

मग जायचंच कशाला, असं कुणीही विचारील. आमच्याकडे ते विचारायची सोय नव्हती. ‘पुराना मंदिर’ आला 1984 साली. आमच्या तालुक्याच्या थिएटरात तो रीतीप्रमाणे उशिरा पोचला, तेव्हा आळीतली पोरं झाडून सगळी निघाली. जो येणार नाही त्याचं ‘भित्री भागूबाई’ हे नाव बारशाशिवाय ठरलेलं होतं. शिवाय मामा बरोबर होते. मामा म्हणजे तालमीतला माणूस. त्यांचा दंड धरून बसायचं, भूत आलंच तर आधी त्यांना धरील, असा माझा हिशेब. सामरी नावाचा तो ताडमाड राक्षस पडद्यावर आला आणि माझ्या हातातला दंड माझ्यापेक्षा जास्त थरथरायला लागला. डोळे मी झाकलेलेच होते. तसाच मान वळवून बोटांच्या फटीतून मामांकडे पाहिलं, तर मामांनी टोपी नाकापर्यंत ओढून घेतली होती. माझ्या संशोधनाला सुरुवात झाली ती तिथे.

सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल हे मुळात रुरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर, हे फार पुढे कळलं. त्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर मामा आणि मी दोघेही वाचलो असतो. इंजिनिअर आला म्हणून आमच्या गावात कंत्राटदारसुद्धा उठून उभा राहत नसे.

तर मुद्दा असा, की माणसाला फार वेळ डोळे मिटून बसता येत नाही. मिटले, की आपल्या आतला सिनेमा सुरू होतो आणि त्याला सेन्सॉर नसतं. पडद्याकडे बघवत नाही, डोळे मिटवत नाहीत. उरतात शेजारचे लोक. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडलेला असतो आणि आपल्याकडे कुणाचंही लक्ष नसतं. भयपटाला आलेल्या माणसांची इतकी तोंडं माझ्याइतकी निरखून दुसऱ्या कुणी पाहिली असतील, असं मला तरी वाटत नाही.

पिटात सगळ्यांत जोरात शिट्टी मारणारा जो असतो, तोच सगळ्यांत जास्त टरकलेला असतो. त्याची शिट्टी भूत यायच्या किंचित आधी वाजते, कारण शांतता त्याला सोसत नाही. नायिकेला सल्ला देणाऱ्यांची जात वेगळी. “अगं बये, त्या खोलीत जाऊ नगंस!” हे लोक घाबरलेले नसतात, चिडलेले असतात. इतकं कळकळीने सांगून ती ऐकत नाही याचा त्यांना राग येतो. घरीही बहुधा तोच अनुभव असावा. बाल्कनीतले सुशिक्षित लोक तांत्रिक चुका काढतात. “एवढ्या वाऱ्यात मेणबत्ती विझत कशी नाही?” असं ते तुच्छतेने म्हणतात आणि म्हणताना त्यांचे दोन्ही पाय खुर्चीवर घेतलेले असतात. पाय वर घेण्याच्या बाबतीत पिटापासून बाल्कनीपर्यंत एकमत आहे. भूत पडद्यावर असलं तरी ते येणार खुर्चीखालून, याविषयी कुणालाच शंका नसते.

यापेक्षा मजेचं आहे ते किंकाळीनंतरचं हसू. सगळं थिएटर एकदम ओरडतं आणि लगेच सगळं थिएटर हसतं. या दोहोंच्या मधे एक बारीक फट असते. त्या फटीत पडद्याकडे कुणीच पाहत नसतं, जो तो शेजाऱ्याकडे वळलेला असतो. तूही ओरडलास ना? मग हरकत नाही. ही खात्री पटली, की मग हसू फुटतं. माझी पंचाईत व्हायची ती नेमकी इथे. शेजारचा माणूस माझ्याकडे वळायचा, तेव्हा मी आधीपासूनच त्याच्याकडे टक लावून बसलेला असायचो. एक गृहस्थ त्या धक्क्याने जागा बदलून गेले आणि इंटरव्हलनंतर त्यांनी आपल्या बायकोला माझ्या बाजूला बसवलं नाही.

रामसेंना मी मानतो ते याच कारणासाठी. 1970 साली या कुटुंबाने ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ नावाचा चित्रपट काढला. तो आपटला. त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता. तुलसी आणि श्याम हे भाऊ थिएटरात जाऊन बसले आणि त्यांनी पाहिलं, की तेवढ्या प्रसंगाला लोक जागचे हलतात आणि बाकीच्या चित्रपटाशी त्यांना काही देणंघेणं नाही. मग त्यांनी वडिलांना पटवलं, की आता नुसतं तेच काढू. म्हणजे रामसेंच्या भयपटाचा उगमच पडद्याकडे पाठ करून बसलेल्या दोन माणसांत आहे. 1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, थोडक्या पैशांत उरकला. सात भावांनी कामं वाटून घेतली होती. किरण रामसेंकडे आवाजाचं खातं होतं. माझ्यापुरते खरे दिग्दर्शक तेच. करकरणारं दार, कोल्हेकुई, वाऱ्याचा सूं सूं आवाज, सगळं मी त्यांच्याकडूनच घेतलं आहे.

आवाजाची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. हिचकॉकचा ‘सायको’ 1960 चा. त्यातल्या स्नानगृहातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नको, असं हिचकॉकचं आधी मत होतं. बर्नार्ड हरमन या संगीतकाराने तरीही तंतुवाद्यांचं ते कर्कश ओरबाडणं रचलं आणि ते ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. पडद्यावरचं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप होतं. कृष्णधवल चित्रपटात ते खपून गेलं. म्हणजे डोळ्यांना दिसत होता तो खाऊ आणि काळजात सुरी खुपसत होतं ते व्हायोलिन. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. भीती शिरते कानांतून आणि मी इतकी वर्षं डोळे झाकत होतो! पुढच्या चित्रपटाला कापसाचे बोळे घेऊन गेलो. कान बंद, डोळे बंद. बायकोने कोपराने ढोसून विचारलं, “अहो, तिकिटाचे पैसे वाया घालवायला बँकेने पेन्शन दिलंय का तुम्हाला?”

रक्ताबद्दल लोकांची मतं मला तोंडपाठ आहेत, कारण रक्त दिसताना तोंडं फार बोलतात. पडद्यावर मुंडकं उडालं तर पिटातून हशा येतो. कोथळा बाहेर आला तर पॉपकॉर्न खाणारा हात थांबतसुद्धा नाही. पण कुणाचं बोट दारात चेमटलं किंवा नखाखाली टाचणी गेली, की अख्खी रांग आक्रसते आणि दातांतून ‘स्सऽऽ’ असा आवाज निघतो. मुंडकं उडण्याचा अनुभव कुणालाच नाही, बोट चेमटण्याचा प्रत्येकाला आहे. 1973 च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ला अमेरिकेत माणसं चक्कर येऊन पडली होती. त्यातही, मुलीची मान गरकन उलटी फिरते त्यापेक्षा इस्पितळात तिच्या मानेत सुई घालून तपासणी करतात त्या प्रसंगाला लोक जास्त ढेपाळले, असं सांगतात. मला हे तंतोतंत पटतं. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत मी स्वतः कुठल्याही संगीताशिवाय आडवा झालेला आहे.

आता बायकोबद्दल. ती कोकणातली. तिच्या माहेरी पिंपळावर मुंजा, विहिरीवर साती आसरा आणि आडवाटेवर खवीस अशी सगळी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि सणासुदीला त्यांची चौकशीही होते. ‘रात्रीस खेळ चाले’ ती जेवताना बघायची. मी स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून, उभ्याने जेवायचो. तर अमेरिकेत डॉल्फ झिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुण मुलगे आणि मुली यांना जोडीने भयपट दाखवला. शेजारची मुलगी घाबरली, तर मुलग्यांना तो चित्रपट जास्त आवडला. शेजारचा मुलगा बेडरपणे बसला, तर मुलींना जास्त आवडला. आणि शेजारचा मुलगाच घाबरगुंडी उडून बसला, तर मुलींची सगळी मजा गेली. मी हे बायकोला वाचून दाखवलं. तिने शांतपणे सांगितलं, की तिला कुणी विचारायला आलं नव्हतं. तिच्या मते भयपटात मुळात काही दम नसतो. ती जाते ती माझी अवस्था बघायला. तिच्या ताटात चित्रपट म्हणजे आमटीभात, तोंडी लावायला मी. 1993 साली ‘झपाटलेला’ला आम्ही दोघं गेलो होतो. रामदास पाध्ये यांनी चालवलेला तो तात्या विंचू नावाचा बाहुला आला, की मोठी माणसं हसायची आणि लहान मुलं आईच्या पदरात शिरायची. बायको हसत होती. पदरात कोण होतं, ते पुढच्या रांगेतल्या एका मुलाने आपल्या वडिलांना मोठ्याने विचारलं.

डेन्मार्कमधल्या ऑर्हस विद्यापीठाच्या माथियास क्लासेन यांनी माझी थोडी लाज राखली. त्यांनी एका भुताटकीच्या घरात येणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. काही लोक तिथे भीती वाढवायला जातात. काही लोक आत गेल्यावर ती कसोशीने कमी ठेवतात: नजर फिरवतात, सोबत्याला घट्ट धरतात, हे सगळं खोटं आहे असं स्वतःला बजावतात. बाहेर आल्यावर समाधान मात्र दोघांचं जवळपास सारखंच. दुसऱ्या जातीला तिकडे मुठी आवळून बोटांची पेरं पांढरी करणारे, अशा अर्थाचं नाव आहे. त्या दिवसापासून मी डोळे झाकत नाही. भीतीचं नियमन करतो.

एवढ्या ज्ञानावर माणूस गप्प बसत नाही. भाचीच्या लग्नात पंगतीला बसलो असताना मी विल्यम कॅसल या अमेरिकन निर्मात्याची हकिकत सांगत होतो. त्याने 1958 साली ‘मॅकाब्र’ नावाच्या चित्रपटाला येणाऱ्या प्रत्येकाचा हजार डॉलरचा विमा उतरवला होता. भीतीने मेलात तर पैसे वारसाला. पुढच्या वर्षी ‘द टिंगलर’ला त्याने काही खुर्च्यांखाली गुरगुरणारी यंत्रं बसवली. म्हणजे भूत खुर्चीखालून येतं ही आमच्या तालुक्याची श्रद्धा त्याने तिकडे विकून दाखवली. 1961 च्या ‘होमिसायडल’मध्ये शेवटाआधी पंचेचाळीस सेकंद चित्रपट थांबायचा, ज्याला सोसत नसेल त्याने पैसे परत घेऊन निघून जावं. फक्त जाताना सगळ्यांच्या देखत ‘भित्र्यांच्या कोपऱ्यात’ उभं राहायचं. मी म्हटलं, मी असतो तर त्या कोपऱ्यात सतरंजीच टाकली असती. समोर जिलबी खाणारे गृहस्थ आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव निघाले. मठ्ठा येईपर्यंत ‘भयपट आणि प्रेक्षकांचे मानसशास्त्र’ या विषयावर माझं व्याख्यान ठरलं.

व्याख्यानापूर्वी ताजं निरीक्षण हवं, म्हणून मी एका मल्टिप्लेक्समध्ये नव्या भयपटाचं तिकीट काढलं. चित्रपटाचं नाव सांगत नाही; मी तो पाहिलेला नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळचा खेळ. जागा मुद्दाम पहिल्या रांगेत कडेची घेतली, कारण मागे वळलं की सगळी तोंडं समोर येतात. जाहिराती संपल्या, दिवे गेले, मी वही उघडून मागे वळलो. मागे एकही माणूस नव्हता. रिकाम्या लाल खुर्च्यांच्या रांगा तेवढ्या वर चढत गेलेल्या.

2008 साली ‘फूंक’ आला तेव्हा रामगोपाल वर्मांनी जाहीर केलं होतं, की थिएटरात एकट्याने बसून हा चित्रपट जो पाहील त्याला पाच लाख रुपये. तेव्हा माझ्या मेहुण्याने माझं नाव परस्पर कळवायची तयारी केली होती आणि मी ताप आल्याचं सांगून ते टाळलं होतं. त्या अटीतलं मर्म मला तेव्हाच कळलं होतं. चित्रपट तोच, पडदा तोच; माणसं काढून घ्यायची, बस्स. हसणारा, शिट्टी मारणारा, पाय वर घेणारा शेजारी नसला, की राहिलेला सगळा भयपट एकट्या आपल्या अंगावर येतो. आता तोच प्रसंग माझ्यावर, तोही पदरचे पैसे देऊन.

मी उठून दाराशी गेलो. डोअरकीपर मुलगा बाहेर मोबाइल बघत होता. त्याला म्हटलं, “आत येऊन बस ना रे थोडा वेळ, एसी मस्त आहे.” तो म्हणाला, “काका, साहेब ओरडतील.” परत येऊन बसलो. पडद्यावर कुणीतरी जिना चढत होतं. मी भीतीचं नियमन सुरू केलं.

मग दार उघडल्याचा आवाज झाला. पडद्यावरचं नव्हे, खरं. पावलं जवळ आली. एवढं सगळं थिएटर रिकामं असताना कुणीतरी येऊन नेमकं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलं. मी श्वास रोखला. भुताचे पाय उलटे असतात, हे बायकोच्या माहेरचं पक्कं ज्ञान. म्हणून हळूच खाली वाकून पाहिलं, तर पाय नव्हतेच! त्या माणसाने ते आधीच खुर्चीवर घेतले होते, हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला. त्या वेळात मी जी काही स्तोत्रं म्हटली, ती अर्धी रामरक्षेतली होती आणि अर्धी बँकेच्या परिपत्रकातली.

पडद्यावर जिना संपला. संगीत थांबलं. हे संगीत थांबणं मी ओळखतो. किरण रामसेंनी माझे कान त्यावर तयार केले आहेत. आता येणार. माझे हात डोळ्यांवर गेले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मी बोटांच्या फटीतून शेजाऱ्याच्या तोंडाकडे वळलो. शेजारचं तोंड माझ्याकडे वळलेलं होतं. त्याच्यावर दहा बोटं होती आणि बोटांच्या फटीत दोन डोळे होते.

आम्ही जी किंकाळी फोडली ती म्हणे पॉपकॉर्नच्या काउंटरपर्यंत गेली. डोअरकीपर बॅटरी घेऊन धावत आला. “काय झालं काका?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट न दाखवता पडद्याकडे दाखवलं. पडद्यावर नायिकेची आई पोहे परतत होती.

ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते. आयुष्यभर रात्रीच्या मुक्कामाच्या गाड्या केलेला माणूस. घाटात, पावसात, स्मशानाजवळच्या फाट्यावर उतारू सोडलेला. खऱ्या अंधाराचं त्यांना काही वाटत नाही. सिनेमातला सोसत नाही. नातवाने पैज लावली होती, की आजोबांना हा चित्रपट पाहवणार नाही. घरी जाऊन गोष्ट सांगायची होती. “मी पडद्याकडं न्हाई बघत,” ते म्हणाले, “लोकांकडं बघतो. आज तुम्ही एकटेच होता, म्हणून शेजारी आलो.” इंटरव्हलनंतर आम्ही मधला हात वर करून एकमेकांना धरूनच बसलो.

नंतर कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ घेतली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे पॉल रोझिन नावाचे मानसशास्त्रज्ञ म्हणतात, की तिखटाने जीभ भाजली तरी जिवाला धोका नाही हे मनाला माहीत असतं, म्हणून ते भाजणं माणसाला आवडतं, आणि भीतीच्या खेळांचंही तसंच. हे मी कंडक्टरसाहेबांना सांगत होतो, पण त्यांना नातवाची चिंता. मग गोष्ट जुळवायला घेतली. त्यांचा उजवा कान अधू, त्यामुळे निम्मा चित्रपट त्यांना ऐकूच आलेला नव्हता. त्यांच्या मते आईनेच सुनेला मारलं होतं. मला तर ती आई आधीपासूनच मेलेली वाटत होती. मग पोहे कुणी केले, या प्रश्नावर आम्ही दुसरा चहा मागवला. शेवटी काय झालं ते विचारायला परत त्या डोअरकीपरकडे गेलो. तो म्हणाला, “शेवट नाय काका, पार्ट टू येणार हाय.” तेवढ्यावर कंडक्टरसाहेब घरी गेले.

व्याख्यानाला ते आले. पहिल्या रांगेत बसले आणि पूर्ण वेळ माझ्याकडे पाठ करून होते. कॅसल झाला, झिलमन झाले, सुई आणि मुंडकं झालं. रिकाम्या थिएटरातली हकिकत मी सगळी सांगितली. टाळ्या झाल्यावर ते माझ्यापाशी आले आणि त्यांनी अहवाल दिला.

“तिसऱ्या रांगेतले चौघं झोपले व्हते. पण तुम्ही शेजारी कुणीतरी येऊन बसलं म्हनालात, तेव्हा निम्म्या हालनं पाय वर घेतले. सचिवांनी पयल्यांदा. खिडकीपाशी एक बाई व्हत्या, त्या तेवढ्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत तुमच्याकडं बघून हसत व्हत्या. त्या कोन?”